सात बियांची चौकशी

खोली दाखवताना घरमालक साधारणपणे पाण्याबद्दल बोलतात, पाहुण्यांबद्दल बोलतात, भिंतीला खिळे ठोकू नका म्हणतात. आमच्या नाझरसाहेबांनी मला एकच अट घातली.

"पुसाचा महिना लागला का ही उगवतीची खिडकी माही. तठी माहे पक्षकार बसतीन. तुम्ही वाचा, लिहा, झोपा, पन त्यायच्या उन्हात उभं राहू नका."

मी हो म्हटलं. पुण्याहून बुलढाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकताच आलो होतो. नवं राज्य होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. घरमालक कोर्टातला निवृत्त नाझर, तेव्हा त्याच्याकडे पक्षकार येत असतील यात मला काही वावगं वाटलं नाही. ते खिडकीत बसतात एवढंच जरा चमत्कारिक वाटलं.

पौषात पक्षकार आले. नारळाच्या करवंट्या, पळसाच्या पानांचे द्रोण, तुपाचे रिकामे डबे आणि रॉकेलचा एक आडवा कापलेला डबा. प्रत्येकात चाळलेली माती, जुनं शेणखत आणि चिमूटभर राख. प्रत्येकावर कोर्टाच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: वांगी, मिरची, झेंडू, झिनिया, आणि 'भेदरं', म्हणजे आमच्या पुण्याकडचे टोमॅटो. सकाळी आठ वाजता हा सगळा जमाव माझ्या खिडकीत ऊन खात बसायचा. अकरा वाजता त्याला अंगणात हलवायचं, दिवस कलला की स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला. हे सगळं नाझरसाहेब स्वतः करत. दोन्ही हातात दोन करवंट्या घेऊन ते माझ्या खोलीतून जात तेव्हा माझ्याकडे बघतही नसत. सरकारी कामात खासगी ओळख दाखवू नये, असा त्यांचा चेहरा असे.

बुलढाण्याची थंडी कोरडी आणि चिवट. खोबरेल तेल महिनाभर बाटलीत घट्ट बसलेलं. अशा दिवसांत शहाणी माणसं काही पेरत नाहीत, असं सगळ्या आळीचं मत होतं आणि ते नाझरसाहेबांना वेळोवेळी कळवलं जात असे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. वैशाखात विहीर तळाला जाते. तेव्हा ज्याला परसातली भाजी खायची आहे त्यानं विहिरीच्या आधी उठलं पाहिजे. पुसात रोप करायचं, थंडी सरली की जमिनीत लावायचं, आणि पाडव्याला तोडायचं. यात मला तरी तर्कदोष सापडला नाही. फक्त बियांना हा तर्क पटत नसे. वांगी आणि मिरची दोन-दोन आठवडे हूं की चूं करत नसत.

पस्तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला याचा त्रास होत नव्हता. बी पेरली की ते 'समन्स काढलं' म्हणत. कोंब दिसला की 'हजर'. आठ दिवसांत दिसला नाही तर 'तारीख वाढवून दिली'. तीन तारखा झाल्या तरी बी आली नाही, तर ते करवंटीतली माती बोटानं उकरून बी शोधत, भिंगातून पाहत आणि तिचं काय झालं याची नोंद करत. मुंगीनं नेली, कुजली, मुळात पोकळ होती. कारणाशिवाय प्रकरण बंद होत नसे. फुलांच्या बिया ते टपालानं पुण्याहून मागवत. त्या पाकिटांवर रंगीत चित्रं असत, बशीएवढी झिनिया वगैरे. एकदा मी म्हटलं, चित्र काय छान आहे. ते म्हणाले, "प्रोफेसर, चित्र हा पुरावा नसते. चित्र हा अर्ज असते."

उंच, वाळलेले, खांदे किंचित पुढे. कोर्टातला काळा कोट अजून अंगात, त्याच्या कोपरांवर आरशासारखी चकाकी. दोन मफलर, एक गळ्याला आणि एक कमरेला. कमरेच्या मफलरखाली काय आहे हे मला पंधरा दिवसांनी कळलं. ओल्या फडक्यात बिया, त्यावर केळीचं पान आणि त्यावर फ्लॅनेलचा पट्टा, असं सगळं त्यांनी पोटाशी बांधलेलं असे. दोडका, कारलं, काकडी यांना मातीची थंडी सोसत नाही. म्हणून मोड येईपर्यंत त्यांना माणसाची ऊब द्यायची. त्या दिवसांत ते जपून वाकत, जपून बसत. एकदा वाचनालयात बाहेरगावचे एक पाहुणे 'साहित्य आणि समाज' या विषयावर बोलत होते. तास झाला तरी दोघांची गाठ पडली नव्हती. हॉल थंड होता. नाझरसाहेब उठले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "अध्यक्षमहाराज, माह्या बिया थंड पडून राह्यल्या. मले उन्हात जा लागते." पाहुण्यांना हा काही तरी स्थानिक आजार असावा असं वाटलं. त्यांनी भाषण थांबवून सहानुभूती दाखवली. नाझरसाहेबांच्या पाठोपाठ आणखी चार-पाच जणांना तोच आजार झाला. मी त्यांतला एक होतो.

पुढच्या साली एका बड्या अधिकाऱ्यांना आपल्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर नव्या राज्याचा नकाशा फुलांनी काढायची कल्पना सुचली. एक मेला फुलं हवीत, म्हणजे जानेवारीत बी पेरायला हवी, आणि जानेवारीत बी उगवून दाखवणारा माणूस गावात एकच. अधिकाऱ्यांचा कारकून निळ्या कागदावरचा आराखडा घेऊन आला. नाझरसाहेबांनी तो ओटीवर पसरला आणि भिंग काढलं.

"कोकनात काय लावता?"

"निळं काही तरी. समुद्र शोभला पाहिजे."

"आन् हा खालचा कोपरा?"

"ते बेळगाव."

"त्याचा निकाल लागला काय?"

"नाही. पण साहेबांचा आग्रह आहे."

"मंग तेवढी माती कोरी ठेवा. वादग्रस्त मिळकतीत पेरा करता येत नाई."

कारकून हसला. पण नाझरसाहेब गंभीर होते. त्यांनी रोपं दिली ती बेळगाव वगळून दिली. नकाशा उत्तम फुलला, एक मेला दोन भाषणं आणि एक फोटो झाला, आणि त्याच आठवड्यात बंगल्याचं फाटक उघडं राहिलं. शेळ्या पूर्वेकडून आल्यामुळे सुरुवात विदर्भापासून झाली. माळी धावत येईपर्यंत त्या मराठवाड्यात पोचल्या होत्या. ही बातमी मी नाझरसाहेबांना सांगितली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोकन सोडलं काय?" मी म्हटलं, सोडलं. "निळ्या फुलाचा पाला कडू असन," ते म्हणाले आणि ती माहिती त्यांनी लिहून ठेवली.

हे सगळं वाचून माणूस गमतीचा होता असं वाटेल. गल्लीलाही तसंच वाटत असे. मलाही माझा तिथला पहिला पौष निम्मा होईपर्यंत तसंच वाटत होतं. मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. लांब मजकूर लिहायला हात थकतो म्हणून माणूस हवा होता. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. लाल फीत, वर क्रमांक, आणि विषयाच्या ओळीत: 'दोडका, उन्हाळी, घरातून लावला जात असलेला. पद्धतीबाबत चौकशी.'

घरातून म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या जाऊन तीन वर्षं होत आली होती. आयुष्यभर हजारो कागदांवर 'मयत' लिहिलेल्या या माणसानं त्या फाइलीत तो शब्द एकदाही वापरला नव्हता.

दोडका त्या बाईंनी माहेराहून, दुसरबीडहून आणला होता. आखूड, फुगीर, शिरा दोडक्याच्या पण आतून घोसाळ्यासारखा मऊ. दर पाडव्याला त्याची पहिली भाजी होई. पावसाळ्यात लावला तर त्याला नुसता पाला येई, तो उन्हाळ्याचाच. "तीस वर्सं खाल्ला," नाझरसाहेब मला म्हणाले. "साडेदहाले कोर्टात जायचो, सहाले यायचो. घरातून कसा लावते, एकदाबी इचारलं नाई. भाजीले कोन इचारते, तू कुठून आली म्हनून?"

त्या गेल्या तेव्हा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली बियांची एक गाठ मागे राहिली. त्यानंतरच्या पहिल्या पौषात नाझरसाहेबांनी त्यातल्या निम्म्या सरळ वाफ्यात टोचल्या. एकही आली नाही. आषाढात वीस लावून पाहिल्या, त्या काळ्या मातीत कुजल्या. दुसऱ्या पौषात पोटाशी बांधल्या, तर दोन उगवल्या आणि दोन्ही रोपं कोंबडीनं खाल्ली. दुसरबीडला आता त्या परसात पंपाची खोली उभी होती, वेल कधीच गेला होता. पितळी ताटलीत त्यांनी माझ्यापुढे उरलेल्या बिया धरल्या. सात होत्या. काळ्या, खरबरीत, खडा वाटावा अशा टणक.

"या गेल्या का संपलं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. फक्त ताटली त्यांनी खाली ठेवली ती दोन्ही हातांनी.

फाइलीत तीन साक्षी होत्या. पहिली मेहुणीची, पत्रानं आलेली: बी पोटलीत बांधून तीन दिवस गरम उकिरड्यात पुरायची. दुसरी दुधवालीची: ताई बी कच्च्या दुधात भिजवायच्या. तिच्याखाली शेरा होता, 'साक्षीदार दूध विकते. हितसंबंध विचारात घ्यावा.' तिसरी शेजारच्या माईंची: ओल्या फडक्यात बांधून पोटाशी ठेवायची, बाकी काही नाही. शेरा: 'साक्षीदार सोवळ्याची. खोटं बोलणार नाही.'

माईंबद्दल सांगायला हवं. साठीच्या, ठेंगण्या, दात अजून शाबूत आणि जीभ त्याहून. कोपऱ्यावरच्या रामाच्या देवळाचा नैवेद्य त्यांच्याकडे असे, आणि सगळ्या गल्लीचं सोवळंही. कोणाच्या घरात चमचा तोंडाला लागून परत आमटीत गेला तर तो माईंना भिंतीपलीकडून ऐकू येतो, अशी त्यांची ख्याती होती. मी एकदा त्यांच्यादेखत पेरू अर्धा खाऊन अर्धा खिशात ठेवला, तर मला पुण्याच्या शिक्षणपद्धतीबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं. नाझरसाहेबांच्या वेलाचा पहिला दोडका दर पाडव्याला त्यांच्याच हातून रामापुढे जाई.

संक्रांत झाल्यावर नाझरसाहेबांनी माईंची फेरतपासणी ठेवली. ओटीवर, उन्हात. मी वही घेऊन बसलो. मध्ये ती पितळी ताटली.

"वयनी, ओल्या फडक्यात बांधाच्या आधी ते काय करत होती?"

"काय करन? धुवत होती."

"आन् मंग?"

"मंग काय, बांधत होती. सांगतलं नाई काय मी मागल्या खेपेले?"

"मी तसंच केलं. दोनच आल्या. तिच्या समद्या येत होत्या. मधातलं काही तरी राह्यलं."

"भाऊजी, तुम्ही मले कोर्टात उभं केलं काय?" माई उठल्या. "या मास्तरले लिहाले बसवलं, मले इचारता उलटंपालटं. तिचा हात होता हाताले. तुमचा नाई. लिहा म्हनाव."

नाझरसाहेबांनी त्यांना थांबवलं नाही. ताटलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "सात हायेत, वयनी. मी काही दुसरं मागत नाई."

माई गेल्या. मी लिहिलं, 'साक्षीदार उठून गेली.' नाझरसाहेब म्हणाले, हे राहू द्या. ते खोडून टाका म्हणायचं होतं की तसंच ठेवा, हे मला कळलं नाही, म्हणून मी काहीच केलं नाही.

अर्ध्या तासानं माई परत आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मास्तरले बाहेर धाडा."

"ते लेखनिक हायेत."

"मंग टाक खाली ठेवाले सांगा."

मी पेन खाली ठेवलं. त्या ओटीच्या कडेला बसल्या आणि आमच्याकडे न पाहता, समोरच्या कडुनिंबाला सांगावं तसं बोलल्या.

"बीचं टोक फोडा लागते. टोक नाई फोडलं त पानी आत जात नाई, मंग कितीबी बांधा पोटाशी. दगडानं फोडलं त चुरा होते. दातानंच फोडा लागते, हलक्या."

"हे तिनं सांगतलं नाई कधी," नाझरसाहेब म्हणाले.

"कसं सांगन? तिच्या दाढा दुसऱ्या बाळंतपनातच गेल्या." माईंनी पदर सारखा केला. "दात माहे होते. दरसाल संक्रांत झाली का ते भिताडावरून वाटी द्यायची. मी एकेक बी घेऊन टोक तोडायची आन् परत द्यायची. आन् त्याच वेलाचा पहिला दोडका रामाले चढवायची. वीस-बावीस वर्सं उष्ट्या बीचा नैवेद्य दाखवला मी. गल्लीभर सोवळं शिकवत हिंडली. आता समजलं? मागल्या खेपेले काय सांगू तुमाले, हे सांगू?"

कडुनिंबावर एक साळुंकी बडबडत होती. मला त्या क्षणी हसू येईल अशी भीती वाटली. पण माईंच्या मानेकडे लक्ष गेलं. ताठ होती. होती नव्हती ती सगळी पत त्या ओटीवर मांडून बसल्या होत्या. एका भाडेकरूसमोर, जो दहा मिनिटांत ही गोष्ट चौकात नेऊ शकला असता.

नाझरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते अगदी सावकाश, निकाल वाचावा तसे बोलले. "बी मातीत गेली का ते मयत. वेल तिचा वारस. मयताचं उष्टं वारसाले लागत नाई."

"हे तुमच्या कोर्टात. माह्या रामाचं कोर्ट येगळं हाय."

"तो आला नाई वीस वर्सांत तक्रार घेऊन."

माईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "गप बसा," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसलं. "आना इकडं ताटली."

एकेक बी त्यांनी पुढच्या दातांत धरली, टोक वर करून. बारीक टक् असा आवाज. हातावर घेऊन पाहायच्या आणि ताटलीत ठेवायच्या. चौथी दातातच दुभंगली. त्या थांबल्या. नाझरसाहेबांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती, पण ते म्हणाले, "होऊ द्या, वयनी." पाचवी, सहावी, सातवी. सहा उरल्या. माईंनी आपल्याच हातानं ओलं फडकं पिळलं, बिया त्यात मांडल्या, घडी घालून दिली आणि निघून गेल्या. त्या संध्याकाळी देवळातला नैवेद्य उशिरा झाला. त्यांनी पुन्हा आंघोळ केली होती, पौषात, आडाच्या पाण्यानं.

फाइलीचं ते पान मी कोरं सोडलं. नाझरसाहेबांनी दुसऱ्या दिवशी ते पाहिलं, फीत बांधली आणि फाइल कपाटात ठेवली.

सहा दिवस ते पोटावर हात ठेवून वावरले. कॉलेजातून आल्यावर मी विचारायचो आणि ते मान हलवायचे. सहाव्या दिवशी फडकं उघडलं तेव्हा तीन बियांना पांढरं, तांदळाच्या कणीएवढं मूळ फुटलं होतं. तीन तशाच होत्या. नाझरसाहेबांनी मूळ फुटलेल्या तिन्ही पळसाच्या द्रोणांत लावल्या आणि द्रोण माझ्या खिडकीत ठेवले. बाकी पक्षकार सगळे त्यांनी त्या आठवड्यापुरते बाहेर काढले. त्या खिडकीपाशी मी इतका जपून वावरलो की माझ्या तपासायच्या वह्या आठवडाभर मागे पडल्या.

नवव्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले तर नाझरसाहेब माझ्या खोलीत उभे होते. कोट नव्हता, मफलर नव्हता. मधल्या द्रोणात माती उचलली गेली होती आणि तिच्यातून एक हिरवी, वाकलेली मान बाहेर आली होती. दोन्ही पानं अजून मिटलेली आणि त्यांच्या टोकाला बीचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं. त्या टरफलाच्या कडेला, उन्हात अगदी स्वच्छ दिसावी अशी, दाताची एक बारीक खाच होती.

त्यांनी भिंतीपाशी जाऊन हाक मारली. माई आल्या. ओल्या लुगड्यात, हातात तांब्या, कोणाला शिवायचं नाही म्हणून अंग चोरत. खिडकीपाशी वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग तांब्या खाली ठेवला, दोन नखांनी ते टरफल अलगद सोडवलं आणि मूठ मिटली. पानं जरा हलली, उघडली.

"पाडव्याचा पहिला रामाले," त्या म्हणाल्या. "इसरू नका."

टरफल मुठीत घेऊन त्या गेल्या. नाझरसाहेब त्या वेळी वर आढ्याकडे पाहत होते. आढ्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं.